पांटग्लासच्या लंगड्या मेंढ्या

“ही घमेली इथून उचल,” एलिनेड म्हणाली.

“ती इथेच राहणार, आई.”

“आज जेवायला माणसं येणार आहेत, मेरियन. मेंढ्या नाहीत.”

“माणसांच्या बुटांना काय चिकटून येतं, ते मेंढ्यांना विचार.”

एलिनेड चॅपलमधून नुकतीच परतली होती. अंगावर तिचा जांभळा कोट होता, आणि तासभर ऑर्गन वाजवल्यामुळे बोटांत अजून सूर होते. आणि इथे तिच्या मुलाने अंगणाच्या फाटकातच जंतुनाशकाने भरलेली दोन मोठी घमेली मांडून ठेवली होती. शेजारी दांड्याचा ब्रशही होता. म्हणजे होणाऱ्या नवरदेवाने तिच्या दारात पहिलं पाऊल टाकायचं ते त्या पिवळ्या पाण्यात!

आपण लग्न करणार आहोत, हे तिने महिन्यापूर्वी सगळ्यांना एकदमच सांगून टाकलं होतं. खालच्या पांटग्लास शेतावरचा इदवाल हा नवरा. ती अडुसष्ट वर्षांची, तो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. तिचा नवरा ग्विलिम जाऊन सहा वर्षं झाली होती, इदवालची बायको डिलिस त्याच्याही आधी गेली होती. कार्डिफहून मुलगी मॅब्लीने फोनवरच टाळ्या वाजवल्या होत्या. सून शॉनेडने मिठी मारली होती. मेरियन तेवढा म्हणाला होता, “इदवालकाकांचं मला काही नाही. पण त्यांच्या मेंढ्यांचं काय?”

तेव्हापासून घरात लग्नाचा विषय निघाला की मेंढ्यांवर येऊन थांबे. इदवालला आता एकट्याने शेत झेपत नव्हतं. आपल्या मेंढ्या घेऊन वर एलिनेडच्या शेतावर, हेन्दरेला, राहायला यायचं, असं त्याने आणि एलिनेडने ठरवलं होतं. मात्र पांटग्लासचं शिवार खोलगट होतं. पाऊस पडला की पाणी तिथेच मुरे, आणि त्या ओलीत मेंढ्यांचे खूर सडत. इदवालच्या कळपात खूरसड इतकी जुनी झाली होती की तालुक्याच्या बाजारात लंगडी मेंढी दिसली तर लोक म्हणत, “ही इदवालकडे चहा पिऊन आलेली दिसते.”

“आज तरी त्याचा अपमान करू नकोस,” एलिनेड म्हणाली.

“अपमान कसला? परवा पशुवैद्य आला होता, त्यालाही यातूनच आणला. पाद्रीबाबा आले, त्यांनाही.”

“पाद्रीबाबांना?”

“ते तर म्हणाले, छान वाटलं.”

तेवढ्यात उतारावरून इदवालची जुनी गाडी धापा टाकत वर आली. गाडी त्याची मुलगी टेगवेन चालवत होती. टेगवेनचं बाजारपेठेत केस कापायचं दुकान होतं, आणि अर्ध्या तालुक्याची डोकी व बातम्या तिच्या हातांखालून जात. इदवाल उतरला. उंच, किंचित वाकलेला, काळ्या सुटात, पायांत चकचकीत पॉलिश केलेले रविवारचे बूट. त्याने घमेली पाहिली, ब्रश पाहिला, मग मेरियनकडे पाहिलं.

एलिनेड फाटकाकडे एक पाऊल पुढे झाली.

“प्रभूनेही शिष्यांचे पाय धुतले होते,” इदवाल म्हणाला, आणि बुटांसकट घमेल्यात उभा राहिला. “पण त्याच्या हातात असला झाडायचा ब्रश होता, असं काही कुठे लिहिलेलं नाही. घास बाबा, नीट घास. टाचेकडे राहिलंय.”

मेरियनला हसू आवरेना. त्याने खरंच खाली वाकून टाचा घासल्या. एलिनेडला वाटलं, चला, आजचा दिवस निभावला.

पण दिवस अजून जायचा होता.

जेवायला भाजलेल्या मटणाची मांडी होती, पुदिन्याची आंबटगोड चटणी, बटाटे, वाटाणे आणि शेवटी भट्टीत भाजलेली तांदळाची खीर. त्या खिरीवरची करपट साय कोणाला मिळणार यावरून या घरात पूर्वी भावंडांची रडारड होई. आज एलिनेडने ती साय न विचारता इदवालच्या ताटात वाढायची ठरवली होती. कार्डिफहून आलेल्या मॅब्लीच्या ते लक्षात आलं होतं आणि ती आतापासूनच आईकडे रोखून बघत होती.

बटाटे संपेपर्यंत सगळं ठीक चाललं. इदवालने चॅपलमधल्या नव्या गायकाची नक्कल केली. तो सूर लावण्याआधी घशात खडे असल्यासारखा खाकरतो, ते करून दाखवलं. शॉनेडला हसता हसता ठसका लागला. मग मॅब्लीने, सगळं सुरळीत चाललंय या भरवशावर, विचारलं, “मग काका, वर राहायला कधी येताय? दिवाळखोर भाडेकरूसारखं एका रात्रीत नका येऊ हं, बँड लावून या.”

“मेरियन म्हणेल तेव्हा,” इदवाल म्हणाला. “ओढ्याकडचा तुकडा माझ्या मेंढ्यांना दिला की झालं. महिनाभर वेगळ्या राहतील, मग मिसळतील.”

मेरियनने काटा खाली ठेवला. “काका, महिनाभर वेगळ्या ठेवतात त्या बाहेरून आणलेल्या चांगल्या मेंढ्या. काही निघतंय का ते बघायला. तुमच्यात निघायचं काय राहिलंय? सगळ्या गावाला माहीत आहे.”

“थोड्याशा लंगडतात पावसाळी हवेत. माझाही गुडघा दुखतो.”

“तुमचा गुडघा माझ्या मेंढ्यांना लागत नाही.”

“मेरियन,” शॉनेड हळूच म्हणाली.

“नाही, बोलू दे मला. काका, तुम्ही या. उद्या या. बाबांची खुर्ची घ्या, बाबांची टोपी घाला, मला चालेल. पण त्या मेंढ्या या फाटकातून आत येणार नाहीत.”

एलिनेडला मुलाचा राग आला, आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. ग्विलिम गेला तेव्हा हेन्दरेवर दर तिसरी मेंढी लंगडत होती. गुडघ्यांवर रांगत चरणाऱ्या मेंढ्या तिने या उतारावर पाहिल्या होत्या. पोरगा पाच वर्षं त्या आजाराच्या हात धुऊन मागे लागला होता. लंगडी दिसली की त्याच दिवशी धरायची, इंजेक्शन द्यायचं, औषधाचा निळा फवारा मारायचा, खूण करायची, वेगळी काढायची. दुसऱ्यांदा लंगडली की बरी करून विकून टाकायची, मग ती कितीही देखणी असो. सगळ्या कळपाला लस. फाटकांपाशी जिथे चिखल होतो तिथे चुना. मागच्या वसंतात एका सकाळी त्याने आईला हाक मारून बांधावर बोलावलं होतं. अख्खा कळप उतारावरून खाली येत होता. लंगडी मेंढी पाऊल टाकताना मान खाली-वर करते. त्या सकाळी सगळ्या पाठी एकसारख्या वाहत होत्या, एकही मान हलत नव्हती. मेरियन नुसता नाक पुसत उभा होता.

“तुझ्या बापाने माझ्या मेंढ्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं,” इदवाल म्हणाला.

“बाबा तुमच्याशी अकरा वर्षं बोलत नव्हते, काका!”

“ते त्या मेंढ्यावरून!”

“हो, तुम्ही उसना दिलेल्या मेंढ्यावरून! तो मेंढा आला आणि आमच्यात खूरसड आली.”

“चांगला ठणठणीत मेंढा दिला होता मी! परत आला तो तीन पायांवर! तुमच्याकडूनच घेऊन आला.”

“देवा,” टेगवेन म्हणाली, “तो मेंढा मरून मला मुलं झाली, ती मुलं शाळेत गेली, तरी तो अजून लंगडतोच आहे.”

सगळे हसले, इदवाल सोडून. त्याने सुटाच्या आतल्या खिशातून हाडाच्या मुठीचा, आत मिटणारा सुरा काढला आणि टेबलावर ठेवला. खूर तासायचा सुरा. रविवारच्या सुटातही तो त्याच्याबरोबर असे. “या सुऱ्याने मी तालुक्याच्या जत्रेत तीनदा पहिला आलोय. माझ्याइतका स्वच्छ खूर या डोंगरात कोणी तासत नाही. सडलेलं सगळं काढतो, लालीपर्यंत. आणि हा काल शेंबूड पुसायला शिकलेला मुलगा मला सांगणार—”

“तासायचंच नसतं, काका.” मेरियनचा आवाज आता खाली आला होता. “तिथेच तर चुकतं. तासून रक्त काढलं की जखम भरायला दुप्पट दिवस लागतात. आणि त्याच सुऱ्यावरून रोग पुढच्या मेंढीला जातो. आमचे बाबाही तासायचे. मीही तासायचो. थांबवलं, तेव्हा बऱ्या व्हायला लागल्या.”

इदवालचे कान लाल झाले. त्याने मदतीसाठी लेकीकडे पाहिलं.

टेगवेन वाटाणे गोळा करत होती. “माझ्याकडे बघू नका, बाबा. मी दुकानात एका गिऱ्हाइकाची कात्री दुसऱ्याला न धुता लावत नाही. वीस वर्षं हेच तुम्हाला सांगतेय.”

“तू पण?”

“मी पण.”

“शॉनेड?” इदवाल म्हणाला.

“मी तुमच्या बाजूची,” शॉनेड लगेच म्हणाली. “म्हणजे मेंढ्यांच्या नाही. तुमच्या.”

“मी पण काकांच्या बाजूची!” मॅब्ली म्हणाली. “मेरियन, एक तुकडा दे ना त्यांना ओढ्याकडचा, मध्ये दोन कुंपणं घाल. आईच्या सुखापेक्षा मेंढ्यांचे पाय मोठे झाले का?”

“तू कार्डिफमध्ये लोकांना चष्मे लावतेस, मॅब्ली. ओढ्याचं पाणी कुठून कुठे वाहतं ते एकदा बिनचष्म्याने बघ.”

इदवालने सुरा मिटून खिशात ठेवला आणि खुर्ची मागे सारून तो उभा राहिला. तो रागावला नव्हता, हेच एलिनेडला जास्त लागलं. त्याचा चेहरा एकदम वय झालेला दिसत होता.

“मेरियनचं बरोबर असेल,” तो म्हणाला. “पण त्या मेंढ्या मी अशा टाकून येऊ शकत नाही. त्या तिथे, तर मीही तिथेच. एलिनेड, तू अवघडून घेऊ नकोस. आपण चॅपलमध्ये भेटूच. आधीसारखं.”

आधीसारखं. आठवड्यातून एकदा, मध्ये ऑर्गन आणि भोवती चाळीस माणसं. एलिनेडने खिरीचं भांडं भट्टीतून काढलं होतं, ते हातातच राहिलं. सहा वर्षं संध्याकाळी ती खिडकीतून खाली बघायची आणि पांटग्लासचा एक दिवा दिसायचा. त्या दिव्याखाली बसलेला माणूस तिला हसवत असे. ग्विलिम चांगला माणूस होता, पण हसवणं त्याच्या हाती नव्हतं.

“मग मी येते,” ती म्हणाली.

“कुठे?” मेरियन म्हणाला.

“पांटग्लासला. राहायला. मेंढ्या वर येऊ शकत नाहीत, इदवाल मेंढ्यांशिवाय येऊ शकत नाही. मी येऊ शकते. माझे पाय चांगले आहेत, बघायचे असतील तर बघ.”



मग सगळे एकदम बोलायला लागले. “आई, या वयात सासरी?” मॅब्ली म्हणाली, आणि आतापर्यंत लग्नाच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलणारी ती एकदम रडवेली झाली. “म्हणजे मी सुट्टीत येईन तेव्हा तू इथे नसणार?” टेगवेन म्हणाली, “मावशी, त्या घराची न्हाणी तुम्ही पाहिली नाहीत अजून.” शॉनेडने मात्र एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा फडताळाकडे, आणि चौदा वर्षांत प्रथमच त्या भांड्यांची मांडणी मनातल्या मनात बदलून बघितल्यासारखी तिची नजर फिरली. एलिनेडला ते दिसलं आणि मनापासून आवडलं. पोरीने किती वर्षं दुसरीच्या स्वयंपाकघरात काढली होती, आणि एका शब्दाने कधी बोलली नव्हती.

“आणि वेताच्या दिवसांत?” मेरियन म्हणाला. “मार्चमध्ये? अडलेल्या मेंढ्या मी कोणाच्या हाताने सोडवू?” तो एकदम दहा वर्षांचा दिसायला लागला.

“मी पांटग्लासला चाललेय, पॅटागोनियाला नाही. हाक मारलीस की येईन.”

इदवाल उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटत होतं, जणू बाजारात आपल्या मेंढ्याला पहिला नंबर मिळाल्याचं त्याला उशिरा ऐकू आलं होतं. “एलिनेड,” तो म्हणाला, “तू खरंच—”

“थांब. माझं संपलेलं नाही.” तिने खिरीचं भांडं खाली ठेवलं. “मी बावीस वर्षांची असताना या घरात आले, तेव्हा ग्विलिमच्या आईने सांगितलं तसं वागले. आता मी अडुसष्टची आहे. आता मी सांगेन तसं. लंगड्या मेंढ्यांच्या घरात मी पाऊल टाकणार नाही. पांटग्लासला मेरियन म्हणतो तसं सगळं व्हायचं. लस, इंजेक्शन, वेगळं काढणं, विकणं, सगळं. आणि सुरा बंद.”

“हे म्हणजे,” इदवाल म्हणाला, “घर माझ्या बाजूने आणि मेंढ्या त्याच्या बाजूने.”

“हो.”

“कधीपासून?”

“जेवण झाल्यावर.”

“आज रविवार आहे, एलिनेड! शब्बाथ! चॅपलचा पंच आहे मी!”

“शब्बाथच्या दिवशी मेंढरू खड्ड्यात पडलं तर वर काढायचं की नाही, हे तूच गेल्या वर्षी प्रवचनात सांगितलंस. तुझी सगळीच पडलेली आहेत.”

टेगवेन टेबलावर हात आपटून हसली. इदवाल खाली बसला. एलिनेडने खिरीवरची साय सोडवली आणि त्याच्या ताटात वाढली, आणि मॅब्लीने, डोळे पुसत, तिचा अर्धा तुकडा काट्याने उचलून नेला.

दुपारी तीनच्या सुमाराला सगळे पांटग्लासच्या मेंढवाड्यात जमले. पाऊस नव्हता, पण जमीन चपचपत होती. मेरियनने ट्रॅक्टरमागे मेंढी उलटी करायचा लोखंडी पिंजरा बांधून आणला होता. मेंढी आत शिरली की तो गोल फिरतो आणि चारही पाय आभाळाकडे होतात. शॉनेडने तिच्यासाठी आणलेला रबरी अंगरखा एलिनेडने जांभळ्या कोटावरच चढवला. मॅब्ली फाटकाशी उभी राहिली. मेंढ्या सोडायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते करताना आपल्या शहरी बुटांची ती दर मिनिटाला माफी मागत होती.

पहिल्या दोन-तीन मेंढ्या बऱ्या निघाल्या. इदवाल छाती काढून उभा राहिला. चौथी आत आली तसा तो वास आला. कुजक्या, गोडसर, ओल्या भिंतीसारखा वास. मेंढपाळाने एकदा घेतला की जन्मभर न विसरणारा. मेरियनने अंगठ्याने खूर उघडला. बेचक्यात करडा चिकट लगदा होता, आणि तळव्याची कड जोड्याच्या सुटलेल्या तळासारखी उचकटली होती.

इदवालचा हात सवयीने खिशाकडे गेला. एलिनेडने त्याचं मनगट धरलं.

“जुनी सवय,” तो म्हणाला.

“माहीत आहे. माझाही हात अजून कपाटातला ग्विलिमचा कप काढतो.”

मेरियनने निळा फवारा मारला. “ही उजव्या बाजूला. उद्या पशुवैद्य येईल, इंजेक्शन देईल. आठवडाभरात पाय टाकेल. ही पहिल्यांदाच लंगडतेय का, काका?”

इदवालने मेंढीचा कान चोळला. मग म्हणाला, “नाही.”

“दुसऱ्यांदा?”

“गेल्या उन्हाळ्यात. त्याच्या आदल्या हिवाळ्यात. त्याआधी...” तो थांबला. कळपाकडे न बघताच त्याने बोलायला सुरुवात केली. “त्या कोपऱ्यातली, कान फाटलेली, तीही. तिची बहीण तीही. ती रुंद तोंडाची, तिची आई. माहीत आहे मला, मेरियन. कोण कोण सारखी लंगडते ते मला पहिल्यापासून माहीत आहे. बाकीच्यांना त्यांच्यापासूनच लागतं, हेही.”

“मग ठेवल्या कशाला?”

“त्या डिलिसच्या आहेत.”

इदवाल मेंढीच्या पोटावर हात ठेवून बोलत होता. “तिने एका बर्फाच्या वर्षी एक कोकरू चुलीपाशी वाढवलं होतं. बाटलीने दूध पाजून. ही सगळी त्या कोकराची पिलावळ. नाजूकच निघाली पायांना. डिलिस गेली, आणि मग बाजाराला काढायची वेळ आली की मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. तासत बसायचो. वाटायचं, नीट तासलं तर टिकतील.”

टेगवेनने हातमोजा काढून डोळ्यांवरून हात फिरवला. “हे मला का नाही सांगितलंत, बाबा?”

“तू हसली असतीस.”

“हसले असते. आणि मग मीच तासत बसले असते तुमच्याबरोबर.”

एलिनेडच्या मनात क्षणभर एक बारीकसा काटा रुतला. म्हणजे ती ज्या मेंढ्यांसाठी इथे राहायला येणार होती, त्या दुसरीच्या होत्या. मग तिला चुलीपाशी बसलेली डिलिस आठवली, मांडीवर कोकरू, केसांत गवताची काडी. डिलिस शाळेत तिच्याच बाकावर बसायची. तिची गणितं एलिनेड करायची आणि एलिनेडच्या वाटचे निबंध डिलिस. काटा आला तसा निघून गेला.

ती पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. “डिलिसला दुखणारं जनावर बघवत नसे,” ती म्हणाली. “तुला आठवतं ना? कोंबडीच्या पायात काटा गेला तरी जेवत नसे. ही मेंढी दर वर्षी गुडघ्यांवर चरते, इदवाल. हे तिने चालवून घेतलं असतं का?”

मेंढी उताणी पडून संथपणे डोळे मिचकावत होती, जणू हा सगळा प्रकार दुसऱ्याच कोणाचा होता.

“नसतं,” तो म्हणाला. मग फवाऱ्याची बाटली मेरियनच्या हातातून त्याने स्वतःच घेतली आणि मेंढीच्या पाठीवर मोठी फुली मारली. “ही जाईल. पण आज नाही.”

“आज नाहीच,” मेरियन म्हणाला. “आधी बरी करायची. लंगडं जनावर गाडीत चढवत नाहीत. चारही पायांवर चालत जाईल ती.”

“तेवढं बरं.”

मग तो एकेक दाखवत गेला आणि मेरियन एकेक आत घेत गेला. कुठे निळा ठिपका, कुठे फुली. तिन्ही फाटकांवर तीन बायका उभ्या होत्या: चांगल्या मॅब्लीकडे, पहिल्यांदा लंगडणाऱ्या शॉनेडकडे, फुलीवाल्या टेगवेनकडे. मॅब्लीने दोनदा चुकीचं फाटक उघडलं आणि दोन्ही वेळा मेरियन तिला जे बोलला ते शब्बाथला शोभणारं नव्हतं. डिलिसच्या पिलावळीतली शेवटची एक पांढऱ्या तोंडाची तरणी मेंढी आत आली. पिंजरा फिरला. मेरियनने चारही खूर उघडून पाहिले, मग परत पाहिले.

“ही कधी लंगडलीय, काका?”

“ही? कधीच नाही. मलाच नवल वाटतं.”

“आई, तू बघ.”

एलिनेडने चष्मा लावून पाहिलं. खूर स्वच्छ, बेचका कोरडा, गुलाबी. वास फक्त मेंढीचा.

“अशाच पाहिजेत,” मेरियन म्हणाला. “घाणीत राहून जिला लागत नाही, तिची कोकरं ठेवायची. ही ठेवा. हिच्यासाठी मी माझा चांगला मेंढा देईन.” आणि लगेच त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. “म्हणजे उसना नाही. कायमचाच देईन. परत मागणार नाही!”

इदवाल इतका हसला की त्याला पिंजऱ्याला धरून उभं राहावं लागलं. मेरियनही हसायला लागला. दोघांना असं एकत्र हसताना एलिनेडने कधी पाहिलं नव्हतं. ग्विलिमने पाहिलं असतं तर आणखी अकरा वर्षं बोलला नसता, आणि मग बाराव्या वर्षी स्वतःच येऊन पिंजरा फिरवला असता.

“बुधवारी येतो मी,” मेरियन म्हणाला. “खालचा तुकडा पंधरा दिवस मोकळा ठेवा. मेंढ्या नसल्या की जमिनीत हा रोग तग धरत नाही. मग चांगल्या तेवढ्या तिकडे सोडू. फाटकापाशी चुना मी आणतो. लस लगेच सुरू करू, दुसरी महिना-दीड महिन्याने. जमलं तर वसंतापर्यंत...” त्याने बोटांवर महिने मोजले. “तर मग लग्न मे महिन्यात धरूया? तोपर्यंत इथलं सगळं स्वच्छ झालेलं असेल. आई तेव्हा खाली आली तर—”

“काय म्हणालास?” एलिनेड म्हणाली.

“मे महिन्यात. कळप साफ झाला की.”

“मी काय बाजारातून आणलेली मेंढी आहे का, मला सहा महिने वेगळी काढून ठेवायला?”

शॉनेडने खालचा ओठ दाताखाली धरला. टेगवेन फाटकावर कोपर टेकून आतुरतेने ऐकू लागली. उद्या दुकानात हे पहिल्या गिऱ्हाइकाला मिळणार होतं.

“आई, मी फक्त सोयीचं—”

“लग्न नोव्हेंबरात. थंडी पडायच्या आत. चॅपल मी ठरवते, ऑर्गन कोण वाजवणार ते मॅब्ली ठरवेल, कारण स्वतःच्या लग्नात मला वाजवता येणार नाही. दुसरी लस लग्नानंतर द्या. मेंढ्या मीच धरेन.” ती इदवालकडे वळली. “तुझी काही हरकत?”

इदवालच्या सुटावर लेंड्यांचा चिखल होता, कपाळावर निळ्या फवाऱ्याचा पट्टा होता. त्याने टोपी काढली.

“मी कोण हरकत घेणार,” तो म्हणाला. “माझी तपासणी झाली का, एवढंच सांग.”

एलिनेडने त्याला वरपासून खालपर्यंत, सावकाश, सगळ्यांदेखत न्याहाळलं.

“चालेल,” ती म्हणाली. मग बाह्या वर सारल्या, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि कळपाकडे बोट केलं. “पुढची सोडा.”